टपालाद्वारे वस्त्रखरेदी, व्हिक्टोरियाकालीन

दूरच्या व्यापाऱ्याकडे पत्राने मागणी नोंदवून कापड वा तयार कपडे टपालाने मागविण्याची पद्धत. व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीत (१८३७–१९०१) ती ब्रिटनमध्ये विकसित झाली व भारतात तिला निराळे स्वरूप प्राप्त झाले. हा फरक मुख्यतः किंमत केव्हा व कोणी चुकती करावयाची, या प्रश्नाच्या उत्तरातून निर्माण झाला.

ब्रिटनमध्ये १८४० साली एक पेनी दराचे टपाल सुरू झाले आणि लोहमार्गांचे जाळे पसरले. वेल्समधील न्यूटाउन येथील कापडव्यापारी प्राइस प्राइस-जोन्स (१८३४–१९२०) याने १८६० नंतरच्या दशकात फ्लॅनेलचे नमुने व किंमतपत्रके टपालाने पाठवून मागण्या मिळविण्यास प्रारंभ केला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल व खुद्द राणी यांचा त्याच्या ग्राहकांत समावेश होता. १८८३ मध्ये पार्सल टपाल सुरू झाल्यावर या व्यापारास अधिकच चालना मिळाली.

भारतात १८५४ पासून अंतराचा विचार न करता पाव तोळ्याच्या पत्रास अर्धा आणा हा दर होता. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाल्याने मागणी कळविणे आणखी स्वस्त झाले. तथापि अनोळखी व्यापाऱ्यास आगाऊ रक्कम पाठविण्यास ग्राहक कचरे, तर व्यापारी उधारीवर माल धाडण्यास धजत नसे. ही अडचण टपालखात्याने दूर केली. १८७७ मध्ये मूल्यदेय टपाल (व्ही. पी.) सुरू झाले. त्यानुसार माल देताना टपालखाते ग्राहकाकडून किंमत वसूल करी व ती विक्रेत्यास पोचवी. १८८० मध्ये मनीऑर्डरीचे काम टपालखात्याकडे आल्यावर ही व्यवस्था पूर्ण झाली. ब्रिटनमध्ये अशी अंतर्गत सोय १९२६ मध्ये, म्हणजे जवळजवळ अर्धशतकानंतर झाली.

या पद्धतीतही एक जोखीम होती. पुडके उघडण्यापूर्वीच पैसे द्यावे लागत. त्यामुळे हलका माल वा न मागविलेली वस्तू गळ्यात पडण्याचा संभव असे. म्हणून १८९८ च्या भारतीय टपाल अधिनियमात, माल खऱ्याखुऱ्या मागणीनुसारच पाठविला आहे असे प्रेषकाकडून लिहून घेण्याची तरतूद करण्यात आली.

मालवण–वेंगुर्ले किनाऱ्यावर (तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग, १९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्हा) लोहमार्ग नव्हता. मुंबईशी दळणवळण प्रामुख्याने गलबते व आगबोटी यांतून चाले आणि पावसाळ्यात ते खंडित होई. मग उरे तो खुष्कीचा मार्ग. गणेशचतुर्थी पावसाळ्याच्या उत्तरार्धात येत असल्याने सणाच्या कापडाची तजवीज आगाऊ करणे सोयीचे असे. दुसरीकडे, वेंगुर्ले हे आंबोली घाटाने बेळगावशी जोडलेले असल्याने घाटमाथ्यावरील मालही तेथे उतरे; बेळगावनजीकचे शहापूर लुगड्यांच्या विणकामासाठी प्रसिद्ध होते.

या भागातील पोशाख मुख्यतः न शिवलेला होता. लुगडे, धोतर, उपरणे यांना अंगाचे माप लागत नाही आणि चोळीचा खण गावचा शिंपी शिवून देई. त्यामुळे ब्रिटनमधील तयार कपड्यांच्या टपालविक्रीत मापाचा जो प्रश्न उद्भवे, तो येथे फारसा नव्हता. लांबी, पोत, काठ व रंगाचा पक्केपणा यांची खात्री मात्र पत्रावरून होत नसे.

म्हणून येथील बहुसंख्य कुटुंबांनी व्यापाऱ्यापेक्षा नात्यावर भिस्त ठेवली. मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगारांत रत्नागिरी जिल्ह्यातील लोकांचा भरणा मोठा होता. घरच्या माणसास पत्र लिहून वा लिहवून घेऊन कापड कळवावे, त्याने ते बाजारात पारखून घ्यावे आणि टपालाने, बोटीने वा गावी येणाऱ्याबरोबर पाठवावे, असा हा व्यवहार असे. व्ही. पी. ने मागविणाऱ्यास पैसे माल दारात आल्यावर द्यावे लागत; चाकरमान्याच्या घरी मनीऑर्डर व कापड ही दोन्ही मुंबईहूनच येत. ज्याचे मुंबईत कोणी नव्हते, त्याला व्ही. पी. हाच आधार होता. नात्यातील माणसाचे काम त्याच्यापुरते टपालखात्याने केले, हेच या व्यवस्थेचे सामाजिक महत्त्व होय.