टॅब घ्यावा की मोबाईल-लॅपटॉपच बरा?

जुहू-अंधेरी ज्या मुंबई महापालिकेत येतात, तिने 2015 मध्ये आपल्या शाळांतल्या आठवीच्या मुलांना अभ्यासक्रम भरलेले टॅब दिले. हेतू, दप्तराचं ओझं कमी करणं. मग आपणही घ्यावा का?

टॅब: वाचायला, व्हिडिओ बघायला उत्तम. बालभारतीची पीडीएफ पुस्तकं 10 इंची पडद्यावर नीट दिसतात.

मोबाईल: ओटीपी, यूपीआयला लागतोच. पण घरातला एकच मोबाईल वडिलांबरोबर शेतात गेला, की मुलांचा अभ्यास थांबतो.

लॅपटॉप: टायपिंग, टॅली, कोडिंग करायचं तर हाच.

घेताना बघा: नुसत्या वायफायचा टॅब स्वस्त पडतो, पण नेटसाठी मोबाईलचं हॉटस्पॉट लागतं. सिमवाला घेतलात तर ती अडचण नाही.

थोडक्यात, शाळकरी मुलांना टॅब चालेल. कॉलेजला जाणाऱ्यांसाठी थांबून लॅपटॉपच घ्या.