छोट्या वृत्तपत्रातील जाहिरातीची जागा



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्या गुरुजींनी आम्हाला आठवीत इतिहास शिकविला. सनदा आणि बखरी वाचणारे पुष्कळ आहेत, दुकानदाराची चोपडी वाचणारा कोणी नाही, असे ते नेहमी म्हणत. त्या वेळी आम्ही हसत असू. मात्र पुढे वडिलांच्या पश्चात त्यांच्या दुकानाच्या वह्या माझ्या हाती आल्या, तेव्हा गुरुजींच्या त्या वाक्याची आठवण झाली आणि आजचा विषय मला त्या वह्यांतूनच सापडला.

वडिलांचे बेळगावात कागद, शाई, पाट्या आणि वह्यांचे लहानसे दुकान होते. गावातील एका मराठी साप्ताहिकात त्यांची दर आठवड्यास दोन इंचांची जाहिरात येई. तिचा मजकूर वर्षानुवर्षे तोच होता: दुकानाचे नाव, पत्ता, 'शालेय साहित्य किफायतशीर दरात'. ही जाहिरात वाचून एकही नवे गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढल्याचे मला आठवत नाही. ज्यास पाटी हवी, त्यास दुकान ठाऊकच होते. असे असून १९६१ च्या चोपडीत या खर्चाची नोंद सापडते ती 'धर्मादाय' या सदरात, गणेशोत्सवाची वर्गणी आणि वाचनालयाची देणगी यांच्या मधोमध. व्यवहाराला चोख असलेल्या माणसाने जाहिरात धर्मादायात का टाकावी, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडला होता.

बेळगावच्या मराठी वृत्तपत्रांची परंपरा जुनी आहे. 'बेळगाव समाचार' १८६३ साली निघाले. 'केसरी'चा जन्म त्यानंतर अठरा वर्षांनी, १८८१ चा. बाबूराव ठाकूर यांचे 'तरुण भारत' १९१९ मध्ये सुरू झाले. या दीर्घ इतिहासात अग्रलेख आणि खटले यांविषयी आपण पुष्कळ ऐकतो. पत्र चालत कशावर होते, याविषयी फार थोडे ऐकतो. वर्गणीदार वर्षाचे पैसे वर्ष संपल्यावर देतो, कधी देतच नाही. छापखान्याचा आणि कागदाचा खर्च मात्र दर आठवड्यास रोख लागतो. मधली फट भरून काढते ती जाहिरात.

ही जागा विकली जाई ती कॉलम इंचावर. एका स्तंभाची रुंदी आणि एक इंच उंची, हे तिचे माप. पहिल्या पानाचा दर अधिक, आतील पानाचा कमी, वर्षभराचा करार केल्यास सवलत. चित्र हवे असेल तर जस्ताचा ब्लॉक करून घ्यावा लागे, आणि तो खर्च जाहिरातदाराचा. म्हणून लहान दुकानदाराची जाहिरात बहुधा नुसत्या खिळ्यांची असे. जुळविलेला मजकूर दोऱ्याने बांधून तसाच ठेवून देत आणि पुढच्या आठवड्यास पुन्हा पानात बसवीत. वडिलांच्या जाहिरातीतील 'किफायतशीर' या शब्दातील एक वेलांटी मोडली होती. ती कित्येक महिने मोडकीच छापली जात होती. कंपोझिटरला सांगूनही ती सुधारली नाही, आणि पुढे पुढे आम्हाला ती आपल्या दुकानाची खूणच वाटू लागली.

जाहिरातीची ताकद ओळखणारे लोक याच गावातून पुढे गेले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे ते यंत्रे बनवू लागले आणि १९१० मध्ये बेळगाव सोडून औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर गेले. त्यांच्या लोखंडी नांगरास आरंभी गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर कितीही उत्तम असला तरी ही समजूत दूर करण्यासाठी शब्दांचीच गरज होती. कारखान्याच्या जाहिरातीचे काम शंकरराव किर्लोस्करांकडे आले आणि त्यांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. मालाची माहिती देण्यासाठी निघालेले ते पत्रक पुढे 'किर्लोस्कर' हे मराठीतील एक प्रमुख मासिक झाले. दुसऱ्याच्या पत्रात जागा विकत घेता घेता स्वतःचे पत्र उभे करण्याचे याहून ठळक उदाहरण मराठीत मला माहीत नाही.

त्याच १९२० सालची दुसरी घटना मात्र वेगळ्या जातीची आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'मूकनायक' मुंबईत सुरू झाले. त्यास छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले होते. नव्या पत्राची वार्ता वाचकांना कळावी यासाठी 'केसरी'त जाहिरात देण्याचा प्रयत्न झाला. पैसे देऊन छापा, असे सांगूनही 'केसरी'ने ती जाहिरात छापली नाही. आंबेडकरांनी स्वतः ही गोष्ट पुढे नमूद केली आहे, आणि तेव्हा टिळक हयात होते हेही सांगितले आहे. 'केसरी'वर आणि टिळकांवर प्रेम करणाऱ्या घरात मी वाढलो. १९१६ साली टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली ती बेळगावात, याचा आम्हाला अभिमान आहे. पण हा नकार लपवून 'केसरी'चा इतिहास सांगता येणार नाही. बातमी छापायची की नाही, हा संपादकाचा अधिकार आपण मान्य करतो. जाहिरातीची जागा मात्र विक्रीस ठेवलेली असते, दर छापलेला असतो. आणि तरीही ती कोणास विकायची नाही, हे ठरविले जाते. रस्त्यावरचे दुकान उघडे असावे आणि एकाच माणसास पाहून दार लावून घ्यावे, तसे हे झाले. तो काळ पाणवठ्याचा आणि मंदिराचा होता. त्या यादीत वृत्तपत्राचा स्तंभही घालावा, असे मला वाटते.

'मूकनायक' १९२३ च्या सुमारास बंद पडले. पुढे ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले. त्याचे अंकच्या अंक आंबेडकर एकट्याने लिहीत. ज्या समाजासाठी ते पत्र होते, त्या समाजाची दुकाने नव्हती, कारखाने नव्हते. मग जाहिरात द्यावी कोणी? १९२९ च्या नोव्हेंबरात तेही थांबले. बडोद्यात भगवंतराव पाळेकरांनी 'जागृति' १९१७ पासून तीन दशके चालविली, ती किती चिकाटीने चालविली असेल, हे या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. हैदराबाद संस्थानात तर आणखी निराळा पेच होता. आ. कृ. वाघमारे यांच्या 'मराठवाडा' पत्रावर निजाम सरकारने बंदी घातली आणि ते नाव बदलून बदलून निघत राहिले. ज्या पत्राचे पुढच्या आठवड्याचे नाव ठरलेले नाही, त्यात वर्षाच्या कराराने जागा घेणारा दुकानदार विरळाच.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न न्यायालयात गेला, आणि योगायोग असा की त्यात सर्वत्र मराठी नावे दिसतात. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील वृत्तपत्र आयोगाने १९५४ च्या अहवालात पृष्ठसंख्या आणि किंमत यांची सांगड घालण्याची शिफारस केली. मोठी पत्रे जाहिरातीच्या बळावर स्वस्तात जास्त पाने देतात आणि लहान पत्रांना गिळतात, असा त्यामागचा विचार होता. त्याप्रमाणे १९५६ चा कायदा आणि १९६० चा आदेश निघाला. पुण्याच्या 'सकाळ'ने त्यास आव्हान दिले. तेव्हा त्या पत्राची आठवड्याची ३४ पाने सात नव्या पैशांच्या दराने निघत आणि सुमारे चाळीस टक्के जागा जाहिरातींची असे. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ च्या सप्टेंबरात आदेश आणि त्यामागील तरतूद रद्द ठरविली. निकालपत्र न्यायमूर्ती मुधोळकरांनी लिहिले. जाहिरातीची जागा आटविली तर किंमत वाढवावी लागेल, किंमत वाढली की खप घटेल, आणि खप घटणे म्हणजे विचार पोहोचविण्याच्या स्वातंत्र्यावर घाव, अशी त्याची सरणी आहे. मला हा निकाल योग्य वाटतो. पण ज्या छोट्या पत्रांच्या नावाने सरकार भांडत होते, त्यांची भीतीही खोटी नव्हती.

बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेल्यानंतर आमच्या साप्ताहिकाची अडचण दुहेरी झाली. सरकारी जाहिरातीवर भिस्त ठेवावी, तर सीमाप्रश्नावर त्याच सरकारविरुद्ध लिहावयाचे होते. मुंबई-पुण्याच्या कंपन्यांना या मुलखात मोठ्या पत्राची एक जाहिरात पुरे वाटे. उरले ते गावातले शिंपी, सोनार, उपाहारगृहे आणि वडिलांसारखे दुकानदार.

संपादक स्वतः दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बिल घेऊन दुकानात येत. एकदा वडील म्हणाले, "जाहिरात राहू द्या मास्तर, त्या जागी बातमी छापा. पैसे मी असेच देतो." मास्तरांनी पिशवी उचलली. "अप्पा, असे दिलेले पैसे मी घेणार नाही. देणगी देणाऱ्याचे ऐकावे लागते. तुम्ही दोन इंच विकत घ्या, बाकीच्या पानावर मी मोकळा." वडिलांनी मुकाट्याने बिल चुकते केले. याच मास्तरांनी पुढे एका घाऊक व्यापाऱ्याच्या साठेबाजीची बातमी छापली. तो त्यांचा सर्वांत मोठा जाहिरातदार होता. दुसऱ्या आठवड्यापासून त्याची पाव पानाची जाहिरात गेली, आणि ती जागा कित्येक अंक 'ही जागा भाड्याने देणे आहे' अशा ओळीने भरलेली होती. गावात काही लोक त्यावर हसले. वडिलांनी आपले दोन इंच चार केले.

साप्ताहिक पुढे बंद झाले. ते वर्ष संपायला पाच आठवडे उरले होते आणि वडिलांनी वर्षाचे पैसे आगाऊ भरले होते. मास्तर पाच आठवड्यांचा हिशेब घेऊन आले. वडील पैसे घेईनात. दोघांमध्ये बराच वेळ वाद झाला, चहा निवून गेला. अखेर मास्तर पैसे गल्ल्यावर ठेवून निघून गेले. त्या दिवसाच्या चोपडीत वडिलांच्या हातची नोंद आहे: 'जाहिरातीचे परत, पाच अंक'. ती धर्मादायात नाही. 'व्यापार खर्च' या सदरात आहे, आणि त्याच शाईने मागील पानांवरच्या त्या वर्षीच्या जाहिरातीच्या सर्व नोंदी धर्मादायातून खोडून तेथे आणलेल्या आहेत.