नाक सांभाळा, साठचं दशक आलंय!

मोबाइल इथेच ठेवा आणि अंगात पांढरा कोट चढवा. तुम्ही अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात पोचलाय. उन्हाळा ऐन भरात आहे. हवा इतकी दमट, की शर्ट पाठीला चिकटलाय. शेजारच्या डरहॅममध्ये सिगारेटचे कारखाने आहेत. वारा तिकडून वळला की तंबाखूचा गोडसर वास नाकात घुसतो.

चला, रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटच्या प्रयोगशाळेत शिरा. आत वेगळाच दरवळ! हेप्टेनचा पेट्रोलसारखा दर्प आणि त्यावर क्लोरोफॉर्मचा गोडवा. खोल श्वास घेऊ नका, भोवळ येईल. ते रसायनशास्त्रज्ञ मन्रो वॉल. आणि ते मनसुख वाणी, आपल्या नंदुरबारचे! मराठीत हाक मारायचा मोह होतोय ना? जरा थांबा, कामात आहेत.

काम म्हणजे कॅम्प्टोथेका या चिनी झाडाचं वीस किलो लाकूड आणि साल. गरम हेप्टेनने त्यातला तेलकट भाग काढायचा, मग अल्कोहोलमध्ये अर्क उतरवायचा. आता बाह्या सरसावा. एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव घुसळायचे, थर वेगळे होऊ द्यायचे, पुन्हा घुसळायचे. असे अकरा टप्पे. मनगटं भरून आली? अजून धीर धरा. कुठल्या भागात औषध आहे ते ना डोळ्यांना कळतं, ना जिभेला. ते ठरवणार रक्ताचा कर्करोग झालेले उंदीर. जो भाग टोचल्यावर ते जास्त जगतील, तो पुढे न्यायचा.

शेवटी हाती येतात फिकट पिवळे स्फटिक. अतिनील दिव्याखाली धरा, झगझगीत निळे दिसतील. हे कॅम्प्टोथेसिन. १९६६ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध होते. पण ते पेशीत नेमकं करतं काय, हे या खोलीत कुणालाच ठाऊक नाही.

तुम्ही भविष्यातून आलात, तेव्हा तुम्हाला सवलत. अंग चोरा आणि शिरा पेशीकेंद्रात. गर्दी विचारू नका! दोन मीटर डीएनए एवढ्याशा जागेत कोंबलाय. नक्कल करायला त्याचे धागे उलगडले, की पतंगाच्या मांज्यासारखा पुढे पीळ चढतो. मग टोपोआयसोमरेज-१ हे विकर एक धागा कापतं, तुटलेलं टोक स्वतः धरून ठेवतं, पीळ सैल करतं आणि धागा पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या कापात जाऊन बसतं. जोडणी अडते, विकर तिथेच अडकतं. मागून नक्कल करणारी यंत्रणा येऊन आदळते. सरका बाजूला! दोन्ही धागे तुटतात आणि पेशी मरते. सतत विभागणाऱ्या कर्कपेशींना हा फटका जास्त बसतो; पण आतड्याच्या, रक्त तयार करणाऱ्या आणि केसांच्या मुळांतल्या पेशीही त्यात सापडतात.

हे कोडं सुटायला १९८५ उजाडलं. मधल्या काळात दुष्परिणामांमुळे रुग्णांवरच्या चाचण्याही थांबल्या होत्या. पुढे याच रेणूत बदल करून टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधं तयार झाली. १९९६ मध्ये दोन्हींना अमेरिकेत मान्यता मिळाली.

आता परत या. हेच कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही असतं, आणि म्हणूनच त्याची चोरटी तोड होते. फुलांना दुर्गंधी आहे खरी. पण रानात तो भेटला तर नाक मुरडा, कुऱ्हाड मात्र लागू देऊ नका.