आमिष म्हणजे मुळात मांसच!

मंडळी, देवगड-जामसंड्याच्या खाडीवर गळ टाकून बसणाऱ्याला 'आमिष' हा शब्द समजावून सांगायला नको. गळाला मासळीचा तुकडा लावायचा आणि मोठा मासा ओढायचा.

संस्कृतात आमिष म्हणजे मांस. म्हणून तर सामिष आणि निरामिष. तोच मांसाचा तुकडा गळाला लागला आणि शब्दाला 'भुलवण्यासाठी पुढे केलेली वस्तू' हा अर्थ चिकटला. 'लालूच' म्हटलं की हाव दिसते, 'फूस' म्हटलं की कानातली कुजबुज. आमिषात मात्र गळ लपलेला असतो.

आता गंमत बघा. १९२० साली भारतीय दंड संहितेत निवडणुकीच्या गुन्ह्यांचं प्रकरण आलं. मतासाठी कोणाला खाऊपिऊ घालणं हीसुद्धा लाचच, असं त्यात ठरलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहे. आणि देणाराच नव्हे, घेणाराही गुन्हेगार!

म्हणजे मतदानाआधीची मटणाची पार्टी हे अगदी शब्दशः आमिष. नगरपंचायत असो की विधानसभा, ताट पुढे आलं की एवढंच आठवा: माशाला गळ दिसत नाही. आपल्याला दिसतो ना?