सिसरूटची कुळकथा

इंटेलच्या लॅपटॉपवर बसून एआरएमच्या छोट्या बोर्डासाठी प्रोग्राम तयार करायचा, तर क्रॉस-कंपायलर लागतो. प्रोग्रामला हेडर आणि लायब्रऱ्याही लागतात, आणि त्या दोन्ही यंत्रांवर एकाच नावाच्या फोल्डरांत असतात. गांधी चौक खामगावातही आहे, अकोल्यातही. चिठ्ठीवर नुसतं ‘गांधी चौक’ असेल, तर खामगावचा ऑटोवाला खामगावच्याच चौकात नेणार. क्रॉस-कंपायलरचं नेमकं हेच व्हायचं.

जीसीसी हा कंपायलर 1987 चा. जुना तोडगा नकलेचा होता: ‘--विथ-हेडर्स’ आणि ‘--विथ-लिब्स’ हे पर्याय देऊन बोर्डाच्या फाइली कंपायलरच्या फोल्डरात आणून ठेवायच्या. लिनक्समध्ये हा तोडगा एका फाइलपाशी अडायचा. ग्लिबसी या सी लायब्ररीची ‘लिबसी.एसओ’ ही फाइल नावाने लायब्ररी, पण उघडली तर आत काही ओळींचा मजकूर: खरी लायब्ररी ‘/लिब/लिबसी.एसओ.6’ इथे आहे. तिरक्या रेघेने सुरू होणारा पत्ता थेट मुळापासून मोजला जातो. त्यामुळे प्रोग्रामला लायब्ररी जोडून देणारा लिंकर लॅपटॉपच्याच ‘/लिब’मध्ये शिरायचा आणि तिथली इंटेलची लायब्ररी बोर्डाच्या काहीच कामाची नसायची. डॅन केगेल यांच्या ‘क्रॉसटूल’ स्क्रिप्टमध्ये या फाइलीतले पत्ते छाटण्याची वेगळी पायरीच होती.

2003 मध्ये डॅनियल जेकबोविट्झ यांनी दुखण्याच्या मुळालाच हात घातला. त्यांनी आणलेला ‘--विथ-सिसरूट’ हा पर्याय 2004 च्या जीसीसी 3.4 मधून सगळ्यांच्या हाती आला. एक फोल्डर सिसरूट म्हणून नेमायचं आणि बोर्डाची ‘/लिब’, ‘/यूएसआर’ ही रचना त्यात जशीच्या तशी ठेवायची. मग ‘/यूएसआर/इन्क्लूड’ म्हणजे त्या फोल्डरातलंच. ‘लिबसी.एसओ’ सिसरूटच्या आत सापडली, की लिंकर तिच्यातल्या पत्त्यांपुढे सिसरूट स्वतः जोडतो. छाटाछाट संपली.

याहून मोठा लाभ पुढे झाला. सिसरूट टूलचेनच्याच, म्हणजे कंपायलर-लिंकरच्या संचाच्याच, इन्स्टॉल फोल्डरात असेल, तर जीसीसी त्याचा माग स्वतःच्या जागेवरून काढतो. म्हणूनच कुणीतरी दूर कुठे बांधलेली टूलचेन खामगावच्या शासकीय तंत्रनिकेतनातल्या विद्यार्थ्याने हव्या त्या फोल्डरात उलगडली, तरी ती चालते. बांधणारा आणि वापरणारा यांची कधी गाठ पडावी लागत नाही. म्हणून टूलचेन बांधताना पहिल्याच कॉन्फिगरच्या ओळीत हे ठरवावं: बाइनयुटिल्स (ज्यात लिंकर असतो) आणि जीसीसी दोघांना सिसरूट एकच द्यावा, तोही इन्स्टॉल फोल्डरच्या आतला. बांधणीपुरती बोर्डाची रचना दुसरीकडे असेल, तर जीसीसीत त्यासाठी ‘--विथ-बिल्ड-सिसरूट’ आहे.