पेटीतला हुकूमनामा

पौडला तहसील कचेरीच्या समोर टेबल टाकून मी गेली छत्तीस वर्षं अर्ज, प्रतिज्ञापत्रं आणि दस्त लिहितो. लोकांचे कागद वाचायचे हाच धंदा. आमच्या घरचे कागद मात्र वडील गेल्यावर उघडले. पत्र्याच्या पेटीत, आजीच्या इरकलीत गुंडाळलेले तीन कागद होते, तिन्ही मोडीत. मोडी मला अडखळत येते, पण आकडे चटकन लागतात. पहिला हुकूमनामा, १८७३ सालचा, रुपये ३८. दुसरं खत, १८७६, रुपये ७५. तिसरं खरेदीखत, १८८४. त्यात रकमेपेक्षा जमिनीच्या चतुःसीमाच जास्त लिहिलेल्या.

तिन्ही कागदांवर माझ्या खापरपणजोबांची निशाणी आहे, नांगराची. म्हणजे पहिल्यावर नाही. तिथे ‘प्रतिवादी गैरहजर’ एवढंच. गैरहजर का, ते मला सांगायला कोणी नको. आमचं गाव मुळशी खोऱ्यात आत. तिथून पुण्याच्या कोर्टात जाऊन-येऊन दोन-तीन दिवस पायपीट, त्यात भात आवणीला आलेलं. समन्स पोचलं असेल तरी वाचलं कोणी? एकतर्फी हुकूमनामे त्या काळी असेच ढिगाने होत.

पेशवाईत सावकार वसुलीला कोर्टात जात नसे, दारात येऊन बसे. त्याला तकाजा म्हणत. तो माणूस बसवायचा, ऋणकोचं जेवणखाण अडवायचा, चारचौघांत लाज काढायचा. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनच्या अहवालात याचं वर्णन आहे. यात क्रौर्य होतंच, पण एक अडचण सावकाराचीही होती. त्यालाही त्याच गावात राहायचं असे आणि कूळ मेलं तर त्याचंही नुकसानच. इंग्रजी कोर्ट आलं आणि ही भीड सुटली. १८५९ च्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू रयतेच्या भल्याचा, पण झालं उलटं. मुदत संपत आली की सावकार म्हणे, नवं खत कर, नाहीतर कोर्टात जातो. नव्या खतात जुनं व्याज मुद्दल होऊन बसे.

दावा झालाच, हुकूमनामा मिळाला, तरी सावकार लगेच जप्ती आणत नसे. हे मला पूर्वी कळत नसे. ३८ रुपयांचा हुकूमनामा हातात असताना ७५ चं खत कशाला? खताच्या दुसऱ्याच ओळीत उत्तर सापडलं. हुकूमनाम्याची बाकी आणि ‘रोख घेतले’ अशी दोन्ही मिळून ती रक्कम आहे. जप्ती आणली तर काय मिळणार, दोन बैल आणि चार भांडी. कागद तसाच ठेवला तर मिळतं भात, चारा, लाकूडफाटा आणि सावकाराच्या वाड्यावरची वेठ. १८५९ च्या त्या कायद्यात तीन वर्षांच्या आत काही ना काही हालचाल केली, दरखास्त टाकली, की हुकूमनामा जिवंत राही. असा तो जन्मभर जिवंत ठेवता येई. पुढे १८७७ च्या दिवाणी संहितेने पैशाच्या हुकूमनाम्याला १२ वर्षांची कड लावली. आजही बजावणीची मुदत १२ वर्षांचीच आहे.

हुकूमनामा डोक्यावर असलेल्या माणसाला दुसरा सावकार उभा करत नाही. बातमी खोऱ्यात पसरायला वेळ लागत नाही. मग बी-भात असो की मुलीचं लग्न, ज्याच्याकडे तो कागद आहे त्याच्याच दारात जायचं, तो म्हणेल त्या व्याजाने. आज लोक सिबिल-सिबिल करतात. ही संस्था २००० साली निघाली. आमच्या खापरपणजोबांचं सिबिल एका सावकाराच्या कोनाड्यात होतं.

१२ मे १८७५ ला भीमथडीत सुप्याच्या बाजारी दंगा उसळला. लोकांनी सावकारांची घरं फोडली ती मुख्यतः कागदांसाठी. खतं आणि हुकूमनामे रस्त्यावर आणून जाळले. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. आमच्या पेटीतला हुकूमनामा त्या आगीतून वाचला याचा आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं, ते मला ठरवता येत नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ ला दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. न्यायाधीशाने खताच्या पोटात शिरून पहिल्यापासूनचा हिशेब काढावा. शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यापायी दिवाणी कैदेत टाकू नये. जमीन स्पष्टपणे गहाण दिलेली नसेल तर ती जप्त करू नये. शेतकऱ्याचं खत गावच्या रजिस्ट्रारसमोर लिहावं आणि त्याला वाचून दाखवावं. माझ्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, यातलं शेवटचं मला सर्वांत आवडतं.

पण सावकारही कागद वाचणाराच. साध्या कर्जाला जमीन लागत नाही म्हटल्यावर त्याने कर्ज लिहिणंच सोडलं. पैसे द्यायचे, पण करून घ्यायचं खरेदीखत. पैसे फेडलेस की जमीन परत लिहून देतो, हे नुसतं तोंडी. हा प्रकार इतका बोकाळला की नंतर कायद्यात दहा-अ कलम घालून तोंडी कराराचा पुरावा घ्यायची मुभा द्यावी लागली. आमचं १८८४ चं खरेदीखत मला त्यातलंच वाटतं. सात वर्षं आधी असतं तर ते गहाणखत झालं असतं. खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा त्याच खाचरांत भात लावत राहिले, फक्त आता खंड देऊन.

मग टाटांचं धरण आलं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, त्याविरुद्ध मुळशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांना सेनापती हे नाव इथेच पडलं. त्या लढ्याचा अभिमान मलाही आहे, पण एक गोष्ट भाषणांत येत नाही. खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनी तेव्हा पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या आणि मोबदला कागद बघून मिळतो. आमचा मोबदला सावकाराला गेला, जमीन पाण्याला गेली. कूळकायदा १९४८ चा, तोवर कसायला पाण्याखालची माती उरली होती. आजोबा पौडजवळ मजुरीला आले.

वडिलांचं कर्ज मुलाने फेडायचं हा धर्म, नाही फेडलं तर पुढच्या जन्मी बैल होऊन फेडावं लागतं, असं आजी म्हणे. मुंबई इलाख्यात १८६६ च्या कायद्याने वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरती केली. मुलगा म्हणून केवळ धर्मापोटी बापाचं कर्ज अंगावर येणं पूर्ण थांबलं ते २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीने. आजी त्याआधीच गेली. तिला हे सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

परवा एक मामा आले, आमच्याच बाजूचे. गोठ्यासाठी कर्ज हवंय. सातबाऱ्यावर इतर हक्कात त्यांच्या वडिलांच्या नावाचा बोजा आहे. इंजिनचं कर्ज होतं, मग सोसायटीचा, सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला. तो दाखला हुकूमनाम्यासारखाच चालतो. वडिलांनी पैसे भरल्याचं मामांना पक्कं आठवतं, पण पावती घुशींनी खाल्ली. बँक म्हणते आधी बोजा उतरवा. बोजा उतरवायला सोसायटीचा बेबाकी दाखला हवा, तो मिळाला की तलाठ्याकडे फेरफार. आणि सोसायटीचं जुनं दप्तर कुठे आहे, ते कोणीच सांगत नाही.

“वसुलीला इतक्या वर्षांत कोण आलं न्हाई दादा,” मामा म्हणाले. “मग कागद कसा काय जित्ता?”

मी अर्ज लिहिला. सदर बोजा कमी होणेस विनंती. पेन पुढे केलं तर त्यांनी हात मागे घेतला. “काय लिवलंय ते वाचा की आधी.”

मागे चारजण खोळंबले होते. मी चष्मा पुसला आणि वरून, तारखेपासून, वाचून दाखवायला लागलो.