जपानी लष्करी अधिकाऱ्यांच्या आखूड तलवारींची ओळख : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :
दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जपानी अधिकाऱ्यांच्या असंख्य तलवारी विजयचिन्ह म्हणून देशोदेशी गेल्या. ब्रह्मदेश आघाडीवर लढलेल्या भारतीय पलटणींनाही हे शस्त्र परके नव्हते. मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधील सांगशाकच्या लढाईत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण जपानी सैन्याशी भिडली होती. या तलवारींपैकी काहींचे पाते नेहमीपेक्षा बरेच आखूड असते. अशी तलवार दिसताच तिला ‘वैमानिकाची तलवार’ किंवा ‘हाराकिरीची तलवार’ म्हणून मोकळे होण्याची प्रथा पडली आहे. प्रस्तुत लेखात ही प्रथा तपासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

लांबीचा निकष :
जपानी परंपरेत पात्याची लांबी ‘शाकू’ या मापात मोजतात. एक शाकू म्हणजे सुमारे ३०.३ सेंटिमीटर. दोन शाकू वा त्याहून लांब ती कताना, एक ते दोन शाकूंमधील वाकिझाशी आणि एक शाकूहून लहान ती तांतो. मोजमाप टोकापासून पात्याच्या पाठीवरील खाचेपर्यंत सरळ रेषेत घ्यावयाचे असते. मुठीत जाणारा दांडा त्यात धरीत नाहीत. म्यानाच्या लांबीवरून अंदाज बांधणे तर सर्वथा चुकीचे, कारण आखूड पाते पूर्ण लांबीच्या म्यानात बसविल्याची उदाहरणे आढळतात.

आखूड पात्यांची कारणे :
१८७६ च्या आदेशाने सर्वसामान्यांना तलवार बाळगून हिंडण्यास बंदी झाली. सैनिक व पोलीस यांना त्यातून सूट होती. लष्करी तलवारीची मूठ प्रथम पाश्चात्त्य धाटणीची होती. १९३४ मध्ये भूदलाने व १९३७ मध्ये नौदलाने जुन्या जपानी धाटणीची तलवार स्वीकारली. नियमांचा भर मूठ, म्यान व अलंकरण यांवर होता. अधिकारी आपली तलवार स्वखर्चाने घेत असे, त्यामुळे घरातील जुने पाते लष्करी साजात बसवून घेणे त्यास शक्य होते. कनिष्ठ हुद्द्यांच्या शिपायांना मात्र सरकारी, क्रमांक कोरलेली तलवार मिळे.

येथे एक सामाजिक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. एदो काळात दोन तलवारी बाळगण्याचा मान सामुराईंचा होता. व्यापारी वा अन्य वर्गांतील लोकांना मात्र वाकिझाशी बाळगता येत असे. पुढे अधिकारीवर्गात सामुराईंखेरीज इतर घरांतील तरुणही आले. त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरी वारसा म्हणून आखूड पातेच असणार. तेव्हा आखूड तलवार ही त्या घराच्या पूर्वस्थितीचा पुरावा ठरू शकते. ‘वैमानिकाची’ हे लेबल चिकटवले की हा पुरावाच नजरेआड होतो. विमानाच्या वा रणगाड्याच्या अरुंद जागेत आखूड तलवार सोयीची, हे खरे. परंतु सोय म्हणजे पुरावा नव्हे. केवळ लांबीवरून धन्याचा पेशा सांगता येत नाही.

परीक्षणाची रीत :
खरा निर्णय मूठ काढल्यावरच होतो. दांड्यावर सेकी अथवा शोवा ठसा असल्यास पाते युद्धकाळातील समजावे. मग ते मुद्दाम आखूड घडविले गेले की नंतर कापले गेले, एवढाच प्रश्न उरतो. ठसा नसून जुना, गर्द गंज असल्यास पाते प्राचीन असण्याचा संभव वाढतो. दांड्यास एकाहून अधिक छिद्रे असतील व त्याचे टोक सपाट कापलेले असेल, तर मूळची लांब तलवार खालून आखूड केली असावी. अशा वेळी कारागिराची सही बहुधा नष्ट होते.

पाते टोकाकडून तुटले असल्यास खूण निराळी असते. पाणी दिल्याची रेघ (हामोन) अखंड पात्यात टोकापाशी वळून पाठीकडे परतते. तुटक्या टोकाला घासून नवा आकार दिला असेल तर ती न वळता कडेवरच संपते. ही खूण शोधण्यास केवळ चांगला उजेड पुरतो, तरीही ती वारंवार दुर्लक्षिली जाते याचे आश्चर्य वाटते.

साजाचीही तपासणी करावी. मुठीजवळील तबकडी (त्सुबा) व तिच्या चकत्यांवर जुळणी-क्रमांक कोरलेले असतात. ते सारखे असून चकत्या पात्यावर घट्ट बसत असतील तर साज मूळचा मानण्यास हरकत नाही. क्रमांक विसंगत व भोके सैल असल्यास युद्धोत्तर काळात कोणीतरी जोडकाम केल्याची शंका घ्यावी. दांड्यावरील गंज मात्र कदापि घासू नये. कालनिश्चितीचा तोच मुख्य आधार असून, स्वच्छतेच्या हौसेपायी तो गमावल्यास परत मिळत नाही.

आखूड तलवार म्हणजे कनिष्ठ दर्जा, असाही एक समज आहे. फील्ड मार्शल तेराउची यांनी ३० नोव्हेंबर १९४५ रोजी सायगाव येथे माउंटबॅटन यांच्या स्वाधीन केलेल्या दोन तलवारींपैकी एक आखूड होती, एवढे त्या समजास उत्तर पुरे आहे.